माळ्यावरचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम पुन्हा चालू करायचा तर

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत आलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुतेक वेळा एकाच जातीचा होता. वर लिटल मास्टर लिहिलेलं असो की मीडिया, आतली रचना निंटेंडो या जपानी कंपनीने जुलै १९८३मध्ये जपानात विकायला काढलेल्या फॅमिकॉमची, म्हणजे तिच्या स्वस्त नकलेची. म्हणून इथे दिलेली माहिती ६० पिनांची कॅसेट वरून खोचायच्या जवळपास सगळ्या संचांना लागू पडते.

हे संच सहसा मेलेले नसतात. अडचण वेगळीच असते: एक बिघाड दुसऱ्याचं सोंग घेतो. अडॅप्टर कमजोर असेल तर पडद्यावर जो गोंधळ दिसतो तो हुबेहूब घाण कॅसेटसारखा असतो. चुकीच्या सॉकेटात घातलेली पिवळी पिन आणि जळलेली चिप यांचा निकाल एकच, कोरा पडदा. तेव्हा क्रम मोडू नका. आधी वीज, मग टीव्हीची जोडणी, मग कॅसेट, मग रिमोट (हातात धरून खेळायचा, टीव्हीचा नव्हे). सोल्डर, म्हणजे वितळलेल्या धातूचे टाके, शेवटी, आणि तेही लागलं तरच.

सामान फार नाही. व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली, इअरबड, पांढरा खोडरबर, स्टार स्क्रूड्रायव्हर, एक जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि धागे न सुटणारं पातळ सुती कापड. सोल्डरची वेळ आलीच तर २५ वॉटची आयर्न पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. केमिस्टकडे मिळणारं ७० टक्क्यांचं अल्कोहोल अडीअडचणीला चालेल, पण त्यातलं उरलेलं बहुतेक पाणी असतं, त्यामुळे वाळायला तासभर तरी द्या.

वीज

मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर डीसी होता आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण. आपल्याकडच्या नकला बहुधा ९ व्होल्टवर चालतात. मधला भाग ऋण की धन, हे मात्र संचागणिक बदलतं आणि इथेच सगळ्यात जास्त संच मरतात. घरात सापडलेला राउटरचा अडॅप्टर ‘बसतोय ना’ म्हणून लावला जातो. राउटरच्या अडॅप्टरचा मध्य बहुधा धन असतो.

आधी अडॅप्टर मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर मध्य ऋण. जुना वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर ९ लिहिलेलं असूनही रिकामा असताना १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो दोष नव्हे, भार पडला की आकडा खाली येतो.

आता संचाला काय हवं ते बघा. मागे खूण नसेल तर अडॅप्टर काढून ठेवा, खालचे स्क्रू सोडवून झाकण काढा आणि पत्र्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा काळा भाग शोधा. त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. येणाऱ्या ९ व्होल्टचे ५ करणं हे त्याचं काम, आणि त्याची धातूची पाठ म्हणजे ग्राउंड, विजेची ऋण बाजू. मीटर बीपवर ठेवून एक टोक पाठीला आणि दुसरं अडॅप्टरच्या सॉकेटातल्या मधल्या काडीला लावा. बीप वाजली तर मध्य ऋण हवा. बाहेरच्या पट्टीला वाजली तर मध्य धन. दोन्हीकडे वाजली नाही आणि शेजारी चार डायोड (विजेची दिशा सरळ करणारे छोटे भाग) दिसत असतील तर त्या संचाला दिशेची फिकीर नाही, कोणताही चालेल.

संच चालू करून पुन्हा मोजा. काळं टोक पाठीला, लाल टोक उजव्या पायाला (अक्षरं आपल्याकडे, पाय खाली). आकडा ४.७५ ते ५.२५च्या आत हवा. डाव्या पायावर किमान ७ व्होल्ट आल्याशिवाय ७८०५ पाच टिकवू शकत नाही. डावीकडे ९ आणि उजवीकडे काहीच नाही, तर एक तर तो भाग गेला आहे किंवा पुढे कुठे शॉर्ट आहे. भाग बदलणं दहा-वीस रुपयांचं आणि तीन टाक्यांचं काम. डावीकडेच ६ वगैरे दिसलं तर दोष अडॅप्टरचा.

१२ व्होल्टचा अडॅप्टर ‘जरा जास्त असू दे’ म्हणून लावू नका. वरचे सगळे व्होल्ट ७८०५ उष्णता करून टाकतो. संच ०.४ अँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टवर १.६ वॉट जळतात, १२वर २.८. अर्ध्या तासाने गेम अडकू लागतो आणि आपण उगाच कॅसेट घासत बसतो. अँपिअरचं उलट आहे. अडॅप्टरवर १ अँपिअर लिहिलं असेल तरी संच हवे तेवढेच घेतो. आणि अलीकडचे छोटे, यूएसबीवर चालणारे संच थेट ५ व्होल्टचे असतात. त्यांत ७८०५ नसतोच. त्यांना ९ दिले की खेळ संपला.

टीव्ही

संचाला पिवळं सॉकेट असेल तर अँटेनाची वायर विसरा. पिवळं म्हणजे चित्र, लाल किंवा पांढरं म्हणजे आवाज. आवाज मोनो असल्याने आवाजाची एकच वायर असते. ती टीव्हीच्या पांढऱ्या सॉकेटात घाला.

नव्या टीव्हीत तीन रंगांची सॉकेटं कधी दिसतच नाहीत, त्याऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्यासाठी टीव्हीबरोबर आलेलीच चार कड्यांची वायर वापरा. कॅमेऱ्याची किंवा सेट-टॉप बॉक्सची तशीच दिसणारी वायर बसते, पण तिच्यातल्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो. मग चित्र येत नाही आणि स्पीकरमधून घरघर येते. अशा वेळी संचाची पिवळी पिन वायरच्या लाल, मग पांढऱ्या टोकात घालून पाहा. बहुधा एका ठिकाणी चित्र सापडतं. काही टीव्हींवर हिरव्या सॉकेटाला अर्धी पिवळी कड असते, तिथे पिवळी पिन हिरव्यात जाते.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर एव्हीतून एचडीएमआय करणारी डबी घ्या. उलटं काम करणारी डबी दिसायला तशीच असते आणि दुकानदारही गल्लत करतात, म्हणून डबीवर पिवळं सॉकेट ‘इन’ बाजूला आहे ना ते बघा. तिला फोनच्या चार्जरवरून ५ व्होल्ट द्यावे लागतात. टीव्हीच्या यूएसबीतून दिलेली वीज काही टीव्हींवर अपुरी पडते आणि चित्र मधूनच जातं.

ज्या संचाला फक्त अँटेनाचीच वायर आहे त्याच्यासाठी गेम चालू ठेवून टीव्हीवर अॅनालॉग चॅनलचा शोध लावा. मुंग्या जाऊन एकदम काळा किंवा निळा, शांत पडदा लागला की तिथे थांबा आणि मॅन्युअल ट्यूनिंगने बारीक सरकवा. टीव्हीत अॅनालॉग ट्यूनरच नसेल तर जुना व्हीसीआर कामाला येतो: गेमची वायर व्हीसीआरच्या अँटेनात, ट्यूनिंग व्हीसीआरवर, आणि त्याच्या पिवळ्या सॉकेटातून टीव्हीला.

चित्र काळं-पांढरं आलं तर घाबरायचं कारण नाही. टीव्हीने रंगाची पद्धत चुकीची धरली आहे. मेनूतल्या कलर सिस्टिममध्ये ऑटो सोडून पाल, मग एनटीएससी असं करून पाहा. चित्र आडवं ताणलेलं दिसतं ते ४:३ करा आणि ‘गेम मोड’ लावा. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. जुन्या संचाच्या चित्रावर नवा टीव्ही बरीच प्रक्रिया करतो. पालवर एक चित्र २० मिलिसेकंदांचं, पाच चित्रांचा उशीर झाला तर बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाने मारिओ उडी मारतो. तेवढ्यात तो खड्ड्यात. माणसं म्हणतात बटण खराब झालं.

जाता जाता: आपल्याकडच्या पालवाल्या नकला सेकंदाला ५० चित्रं दाखवत, जपानी संच ६०. गेम मात्र जपानी ६०च्या हिशेबाने लिहिलेले. म्हणून तिकडे एका मिनिटात होणाऱ्या खेळाला इकडे ७२ सेकंद लागतात. फोनवरच्या इम्युलेटरवर (जुन्या संचाची नक्कल करणाऱ्या अॅपवर) तोच गेम जलद वाटतो तो यामुळे.

कॅसेट

फुंकर मारू नका. फुंकल्यावर गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, पिना जरा सरकून नव्या जागी टेकायच्या म्हणून. फुंकरीतली वाफ आणि थुंकी मात्र तांब्याला हिरवा गंज आणते, आणि आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटींच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा नावालाच असतो.

इअरबड अल्कोहोलात बुडवून, जास्तीचं निथळून, पट्टीवर वरून खाली घासा. आडवं घासलं तर एका पिनेची घाण दुसरीवर जाते. दोन्ही बाजूंना ३०-३० पिना आहेत, बड काळा झाला की बदला आणि पांढरा निघेपर्यंत चालू ठेवा. हिरवट डाग राहिलेच तर खोडरबर हलक्या हाताने तीन-चारदा, आणि नंतर पुन्हा अल्कोहोल, नाहीतर रबराचा भुगा सॉकेटात जाऊन बसतो. पॉलिश पेपर एकदा फिरवला की पिना चकचकतात आणि सहा महिन्यांत आधीपेक्षा काळ्या पडतात, कारण मुलामाच गेलेला असतो. नेलपॉलिश रिमूव्हरने प्लास्टिक विरघळतं. पेट्रोल आणि तेलकट स्प्रेही नकोत.

नुसती कॅसेट स्वच्छ करून भागत नाही. संचाचं सॉकेटही तितकंच मळलेलं असतं. अडॅप्टर काढून, व्हिजिटिंग कार्डावर सुती कापडाचा एक पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि कॅसेटसारखं सरळ आत-बाहेर करा, दहा-बारा वेळा. जाड पुठ्ठा घालू नका, पिना कायमच्या पसरतात. आधीच पसरलेली एखादी पिन दिसली तर शिवणाच्या सुईने आतल्या बाजूला अगदी किंचित ओढा. मग अर्धा तास वाळू द्या. ओल्यावर वीज देऊ नका.

यानंतरही बिघडलेलं दिसत असेल तर पडदा नीट बघा. बिघाड कुठे आहे ते तो सांगतो, कारण या यंत्रात प्रोग्रॅमची चिप आणि चित्रांची चिप वेगवेगळ्या तारांवरून बोलतात. पडदा एकाच रंगाचा, आवाज नाही: प्रोग्रॅमच्या तारा टेकत नाहीत. संगीत नीट चालू आहे, आपण दाबलेल्या बटणांचे आवाजही येतात, पण पडद्यावर ठोकळ्यांचा नुसता काला: चित्रांच्या तारा. सगळ्या अक्षरांत आणि सगळ्या आकृत्यांत ठरावीक अंतराने उभी रेघ: चित्रांची एकच डेटा पिन. प्रत्येक आकृती आठ ठिपके रुंद तुकड्यांची असते आणि एकेका तारेवर एकेक ठिपका येतो, म्हणून दोष तसाच उभा उमटतो. अशा वेळी सगळी पट्टी पुन्हा घासत बसण्याऐवजी भिंगाने एकेक पिन तपासा, बहुधा कुठेतरी चरा किंवा सुटलेला टाका सापडतो.

चित्र स्वच्छ आणि आवाज गायब, हा प्रकार लोकांना फार फिरवतो. फॅमिकॉमच्या रचनेत आवाज संचातून ४५व्या पिनेवर कॅसेटमध्ये जातो आणि ४६व्या पिनेवरून परत येतो. कॅसेटमध्ये या दोन पिना जोडलेल्या असतात. नकलांतही बऱ्याच ठिकाणी हेच ठेवलं आहे. तेव्हा एका कॅसेटला आवाज आहे आणि दुसरीला नाही असं झालं तर टीव्हीला हात लावू नका, त्या दोन पिना साफ करा.

सुपर मारिओ ब्रदर्सचा आणखी एक चकवा आहे. वरची गुणांची पट्टी जागच्या जागी ठेवून खालचं जग सरकवण्यासाठी तो गेम पट्टीतल्या नाण्यापाशी एका ठिपक्याची वाट बघतो. चित्रांच्या तारा टेकल्या नाहीत तर तो ठिपका उमटतच नाही आणि गेम तिथेच थिजतो. प्रोग्रॅम गेला असं वाटतं, असतो चित्रांचा दोष.

मारिओ, रोड फायटर चालतात पण कॉन्ट्रा नाही? मारिओ सगळा मिळून ४० केबी, ३२ प्रोग्रॅमचे आणि ८ चित्रांचे. संचाला कॅसेटमधल्या प्रोग्रॅमचे एका वेळी ३२ केबीच सहज दिसतात. कॉन्ट्रासारख्या मोठ्या गेमला कॅसेटमधली एक जादा चिप तुकडे बदलून देते. ती चिप किंवा तिच्याकडे जाणारी पिन गेली की छोटे गेम ठणठणीत आणि मोठा एकटाच बंद. हा दोष कॅसेटचा, संचाचा नव्हे.

बिघाड नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. एका आडव्या रेषेत हलत्या आकृत्यांचे आठपेक्षा जास्त तुकडे आले की ते लुकलुकतात, ती या यंत्राची मर्यादा आहे. काही चार गेमवाल्या कॅसेटींत रीसेट दाबला की दुसराच गेम लागतो, ती तशीच बनवलेली असते. आणि ‘९९९९९९९ इन १’मध्ये प्रत्यक्षात मोजकेच गेम, बाकी तेच वेगळ्या लेव्हलपासून.

रिमोट

रिमोटात पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि तीन सिग्नलच्या. त्या तुटतात बहुधा दोनच जागी, रिमोटातून बाहेर पडताना आणि पिनजवळ. गेम चालू असताना त्या जागी वायर वाकवून बघा. बटणं मधूनच जागी झाली तर निदान झालं. रिमोट उघडून तुटकी बाजू दोन सेंटिमीटर कापा, रंग टिपून ठेवा आणि पुन्हा त्याच क्रमाने सोल्डर मारा. एकही बटण चालत नसेल तर वायर, एक-दोनच चालत नसतील तर रबर, असं धरून चाला.

रबराच्या पट्टीखालचे काळे ठिपके कार्बनचे आहेत. ते कोरड्या बडने नुसते पुसा, घासू नका. खालचा हिरवा बोर्ड मात्र अल्कोहोलने चांगला साफ करा. सांडलेल्या सरबताचा थर तिथेच असतो. कार्बन उडालाच असेल तर ठिपक्याएवढा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवून काम भागतं, जरी काही महिन्यांनी तो पुन्हा बदलावा लागतो.

दुसऱ्या रिमोटाला स्टार्ट आणि सिलेक्ट नसणं ही मूळ जपानी संचाचीच पद्धत. नऊ पिनांची तशीच पिन सेगाच्या आणि अटारीच्या रिमोटांनाही असते. आकार जुळला तरी तारांचा क्रम वेगळा, लावून बघण्याच्या फंदात पडू नका.

कोणता गेम लावून तपासायचं

प्रत्येक जातीच्या गेमला यंत्राचा वेगळा भाग लागतो, त्याचा फायदा घ्या. बॅटल सिटी, म्हणजे टँकवाला गेम, दोघांनी लावा: चारही दिशा आणि दोन्ही रिमोट दोन मिनिटांत तपासून होतात. रोड फायटरमध्ये बटण दाबूनच ठेवावं लागतं, सैल झालेला कार्बन तिथे उघडा पडतो, गाडीचा वेग मधूनच तुटतो. मारिओत उजवीकडे, बी आणि ए एकाच वेळी दाबून लांब उडी मारा. तिन्ही एकत्र लागत नसतील तर बोर्ड अजून चिकट आहे. कॉन्ट्रात तिरकं गोळीबार करून कोपऱ्यातल्या दिशा बघा, आणि ३० जीव देणारा वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए हा क्रम सुरुवातीच्या पडद्यावर दाबा. तो लागला तर रिमोटची जवळजवळ पूर्ण परीक्षा झाली. फक्त सगळ्याच आवृत्त्यांत तो ठेवलेला नाही, तेव्हा लागला नाही म्हणून लगेच रिमोट उघडू नका. टर्बो बटणं (धरून ठेवली की आपोआप पुन्हा पुन्हा दाबली जाणारी) परीक्षेसाठी वापरू नका, ती खराब स्पर्श झाकतात.

डक हंटची बंदूक एलसीडी किंवा एलईडी टीव्हीवर चालणार नाही. तिची तार बदलून, लेन्स पुसून उपयोग नाही. चाप ओढताच गेम पडदा काळा करतो आणि पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतलं सेन्सर तो उजेड नेमक्या त्याच क्षणी शोधतं. जाड काचेच्या जुन्या टीव्हीवर हे जमतं, नवा टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, तोवर निकाल ‘चुकला’ असा लागलेला असतो. बंदूक खेळायचीच असेल तर चालू अवस्थेतला जुना टीव्ही शोधा, पण तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहतात.

ठेवताना

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पट्ट्या पुन्हा हिरव्या होतात. कॅसेट संचात खोचून ठेवू नका, सॉकेटाच्या पिनांवर सतत दाब राहतो. प्लास्टिकच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा आणि जूनच्या आधी त्या बदला. रिमोटची वायर रिमोटाभोवती आवळून गुंडाळू नका, ती सुटी मोठ्या वेटोळ्यात ठेवा.

आणि सोडून कधी द्यायचं? ७८०५च्या उजव्या पायावर पाच व्होल्ट आहेत, सॉकेट साफ आहे, इतर संचावर चालणाऱ्या दोन कॅसेटी लावल्या तरी एकरंगी पडदाच येतो, आणि आत वेगवेगळ्या चिपांऐवजी बोर्डावर डांबरासारखा एकच काळा थेंब आहे, तर थांबा. सगळा संगणक त्या थेंबाखाली आहे आणि तो दुरुस्त होत नाही. ६० पिनांचं सॉकेट असलेला दुसरा संच घ्या, कॅसेटी त्यावर चालतील. जुन्या संचातून अडॅप्टर, ७८०५ आणि चालू रिमोट काढून ठेवा.